बल्ब बदलला, तार तीच

बेळगाव, सातारा आणि मानेसर. माझ्या आयुष्यातली ही तीन ठिकाणं एकाच रस्त्यावर आहेत, हे मानेसरला येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये मी शिपाई झालो, सातारा जिल्ह्यात माझं घर, आणि मानेसर ही पोस्टिंग. दिल्लीहून निघालेला ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग मानेसरवरून जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत करत खाली येतो आणि पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगावला टेकून पुढे चेन्नईला जातो. सुट्टी मंजूर नसायची तेव्हा संध्याकाळी त्या रस्त्याकडे बघत बसायचो. वाटायचं, नुसतं डावीकडे वळलं की घर.

मानेसर आपल्या लोकांना माहीत झालं ते २६/११ मुळे. मुंबईत आलेले एनएसजीचे कमांडो इथूनच निघाले होते. आमचं तिथलं काम काय होतं ते लिहायचं नसतं, तेव्हा तो विषय इथेच बंद. पण मानेसरची दुसरीही एक ओळख आहे, ती म्हणजे गाड्या. आयएमटी म्हणजे इथली औद्योगिक वसाहत. तिथे मारुतीचा मोठा कारखाना आहे, सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आहेत आणि गाड्यांची चाचणी करून त्यांना प्रमाणपत्र देणारी आयकॅट ही संस्थाही आहे. आपल्या पुण्यात एआरएआय आहे ना, तसंच काम. ट्रेलरवर नव्याकोऱ्या गाड्या चढवून नेताना रोज दिसायच्या. अशा गावात राहून स्वतःची गाडी नसणं म्हणजे कोकणात राहून मासे न खाण्यासारखं. २०१८ च्या उन्हाळ्यात मी एक जुनी स्विफ्ट घेतली. मॉडेल २०१२ चं. म्हणजे पोरगी माहेरातच परत आली म्हणायची.

गाडी घेतली ती मुख्यतः सौ.साठी. मी कधी घरी असेन आणि कधी नसेन याचा नेम नव्हता. मुलगी पाचवीत, दवाखाना लांब, बाजार लांब. सौ. गाडी शिकली, लायसन्स काढलं. मला वाटलं, माझं काम झालं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक हरियाणवी हवालदार राहायचे. ईएमईचे, म्हणजे फौजेतल्या गाड्या आणि मशिनरी सांभाळणाऱ्या कोअरचे. वय माझ्याहून मोठं, हात कायम काळे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. गाडी आणली त्या दिवशी त्यांनी ती चारी बाजूंनी पाहिली, वाकून खाली पाहिलं, आणि विचारलं, "भाई मराठे, फर्स्ट परेड कौन करेगा इसकी?"

ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. फौजेत गाडीचीसुद्धा परेड असते. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हरने तेल, पाणी, बेल्ट, हवा, लाइट सगळं बघायचं, गाडीखाली काही गळतंय का ते बघायचं, ती फर्स्ट परेड. वाटेत थांबलो की चाकाच्या मधोमध उलटा हात जवळ नेऊन बघायचं, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का. तापलं असेल तर ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग गेलंय. ती हॉल्ट परेड. आणि परत आल्यावर गाडी पुसून, काय बिघडलं ते लिहून देऊन मगच जेवायला जायचं, ती लास्ट परेड. मी एमटीतल्या ड्रायव्हर लोकांना हे करताना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पण मी रायफलवाला माणूस. माझं काम पुलथ्रू आणि चिंदीशी. गाडीचं बॉनेट उघडणं हे दुसऱ्याच्या शेतात शिरण्यासारखं वाटायचं.

उस्तादांनी ती भीड मोडली. दर रविवारी सकाळी दोन तास. पहिल्या रविवारी फक्त बघायला शिकवलं. डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालायची आणि मग वाचायची. पहिल्यांदा काढून जे दिसतं ते खोटं असतं. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली हवीत, म्हणजे तेल खाली उतरतं. कूलंटची पातळी बाजूच्या पांढऱ्या डब्यावर बघायची. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. टायरच्या कडेला चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. माझ्या चार टायरांवर २०१६ होतं आणि स्टेपनीवर २०११. स्टेपनी नवीकोरी दिसत होती, नक्षी जशीच्या तशी, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या. उस्ताद म्हणाले, "दिखने में जवान, अंदर से पेन्शनर." ती बदलली.

मग एकेक काम हातात आलं. मानेसरची हवा म्हणजे उन्हाळ्यात राजस्थानची धूळ आणि बारा महिने ट्रकांची. इंजिनचा एअर फिल्टर काढून झटकला तेव्हा पिठाची गिरणी आठवली. डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा एसीचा फिल्टर काढला तर त्यात पानं, पिसं आणि एक मेलेलं झुरळ. मुलगी ओरडली, "बाबा, आपण हे नाकात घेत होतो?" नवीन फिल्टर बसवायला दहा मिनिटं लागली आणि एसी पुन्हा वाऱ्यासारखा झाला. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी धरली होती. ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुतली, कोरडी केली, वरून व्हॅसलीन लावलं. तारा सोडवताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. कारण गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. प्लसचा नट सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला आणि मायनस जोडलेली असली, तर ठिणगीचा भडका उडतो. हे कारण कळलं म्हणून क्रम लक्षात राहिला. नुसतं पाठ करून राहिला नसता.

दोन महिन्यांत माझ्या अंगात आलं. वायपरची रबरं, हॉर्न, मागचा कॅमेरा, मोबाइल चार्ज करायचं सॉकेट, जे दिसेल ते मी स्वतः बसवायला लागलो. शेजारचे लोक गाड्या घेऊन यायला लागले. मेकॅनिकचे पैसे वाचतात हे मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. आमच्या कामात स्वतःच्या मर्जीचं फार थोडं असतं. कुठे जायचं, कधी जायचं, कधी परतायचं, सगळं हुकमावर. रविवारचे ते दोन तास बॉनेटखाली माझा हुकूम चालायचा.

आणि तिथेच मी चुकलो. एकदा नाही, दोनदा.

पहिली चूक सप्टेंबरातली. चाकं आलटूनपालटून लावली, पुढची मागे आणि मागची पुढे. नट आवळताना वाटलं, सैल राहायला नकोत. पान्यावर पाय देऊन, अंगाचा सगळा भार टाकून आवळले. तीनेक आठवड्यांनी मी बाहेर होतो, फोन बंद. सौ. मुलीला घेऊन गुरुग्रामहून येत होती. खेडकी दौलाच्या टोलजवळ चाक बसलं. तिने गाडी कडेला घेतली, चारी दिवे लुकलुकते ठेवले, मुलीला कठड्यापलीकडे उभं केलं, स्टेपनी काढली, जॅक काढला. सगळं शिकवल्याप्रमाणे. पण एकही नट हलेना. पान्यावर उभी राहिली, तरी हलेना. शेवटी एका ट्रकवाल्याने थांबून पान्याला लोखंडी नळी लावून ते सोडवले आणि विचारलं, "बहनजी, किस पहलवान ने कसे थे?"

पाच दिवसांनी मी घरी आलो तेव्हा तिने हे हसत सांगितलं. मग हसू थांबवून म्हणाली, "अहो, गाडी माझ्यासाठी घेतली ना? मग मला उघडेल एवढीच बंद करत जा."

उस्तादांकडे गेलो. ते म्हणाले, नट घट्ट असून चालत नाही, बरोबर असावे लागतात. जास्त ताकदीने बोल्ट ताणला जातो, आटे खराब होतात. गाडीसोबत आलेला पाना जेवढ्या लांबीचा असतो तो मुद्दाम तेवढा असतो. हाताच्या ताकदीने, एक सोडून एक असे समोरासमोरचे आवळायचे, गाडी खाली उतरवल्यावर शेवटचा पीळ द्यायचा, आणि काही किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचे. मी ते शिकलो. पण फक्त नटांपुरतं शिकलो.

दुसरी चूक डिसेंबरातली. मानेसरचं धुकं ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. महाबळेश्वरचं धुकं अंगावरून जातं. हे बसून राहतं. माझ्या गाडीचा उजेड मला कमी वाटायला लागला. दिल्लीत काश्मिरी गेटच्या बाजारात गेलो. गाड्यांच्या सामानाची ती गल्लीच आहे. दुकानदाराने १००/९० वॅटचे बल्ब दिले. कंपनीचे असतात ६०/५५ चे. बसवायला वीस मिनिटं. रात्री भिंतीवर उजेड पाडून पाहिला आणि छाती फुगली.

उस्तादांनी एकच विचारलं, "रिले लगाया? तार मोटी डाली?" मी म्हणालो, सुट्टीवरून आल्यावर करतो. ते काही बोलले नाहीत. फौजेत सिनिअर माणूस गप्प बसला की त्याचा अर्थ लावायचा असतो. मी लावला नाही.

जानेवारीत सुट्टी मिळाली. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून लवकर पोहोचायचं होतं. पहाटे तीनला निघालो. ही घाईसुद्धा चूकच होती. धारूहेडा, बावल, नीमराणा, बहरोड. धुक्यात लो बीमवर, तीस-चाळीसच्या वेगाने. बहरोडच्या पुढे सौ. म्हणाली, "काहीतरी जळतंय." मी म्हणालो, बाहेर शेकोट्या पेटल्यात. थोड्या वेळाने डावा लाइट मिणमिणला आणि गेला. दहा मिनिटांत उजवाही गेला.

मंडळी, मी रात्री बऱ्याच ठिकाणी काढल्या आहेत. नियंत्रण रेषेवरही काढल्या आहेत. पण तिथे माझ्या मागच्या सीटवर माझी मुलगी झोपलेली नसायची. समोर पांढरी भिंत, आपल्याला काही दिसत नाही, आणि मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसतोय की नाही हे कळत नाही. थांबावं तर मागून कोणी घुसेल, चालावं तर कशाच्या भरवशावर? हॅझर्ड लावले. सौ.ने काच खाली केली, डोकं बाहेर काढून रस्त्याकडेची पांढरी पट्टी बघत मला सांगत राहिली, "डावीकडे. सरळ. अजून डावीकडे." त्या थंडीत. असे दीड-दोन किलोमीटर गेलो असू. मग एका ढाब्याचे दिवे दिसले. गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, आणि माझे हात थरथरताहेत हे तेव्हा मला दिसलं.

उजाडल्यावर ढाब्याशेजारच्या टपरीतला इलेक्ट्रिशियन आला. विशीतला पोरगा. त्याने बल्बमागचा कपलर काढला. काढला म्हणजे, तोडला. प्लास्टिक वितळून बल्बच्या पायांना चिकटलं होतं, तारेचं वेष्टण करपलं होतं. त्याने तो तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "फौजी साब, बल्ब बड़ा लगाया. तार तो वही है ना?"

हिशोब साधा आहे, शाळेतला आहे. बारा व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या थोडं वर करंट ओढतो. ९० वॅटचा ओढतो साडेसात. आणि तारेत, कपलरच्या जोडात जी उष्णता तयार होते ती करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे उजेडाची ताकद दीडपट-पावणेदोनपट केली, तर जोडातली उष्णता अडीचपटीहून जास्त वाढते. गावात चार किलोमीटर चालवताना हे कळत नाही. सलग दोन तास लो बीम लावून ठेवला की कळतं. ज्या गावात गाडीचे भाग तपासून प्रमाणित करणारी एवढी मोठी संस्था आहे, त्याच गावात राहून मी काहीही न तपासता बायकामुलीला त्या गाडीत बसवलं होतं.

पोराने जळलेली तार मागेपर्यंत कापली, सिरॅमिकचे होल्डर लावले. माझे जुने बल्ब डिकीत होते, ते बसवले. आम्ही नऊला निघालो आणि तिसऱ्या दिवशी घरी पोहोचलो. वडिलांचं ऑपरेशन नीट झालं. मी कोणालाच काही सांगितलं नाही. सौ.नेही सांगितलं नाही. हे जास्त लागलं.

बाहेरच्या मेकॅनिकने हे केलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते, सगळीकडे सांगत फिरलो असतो. इथे सुनावणार कोणाला? परतल्यावर तो वितळलेला तुकडा उस्तादांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत. मला घेऊन गाडीपुढे उकिडवे बसले आणि हेडलाइटच्या काचेवर बोट फिरवलं. काच म्हणजे खरं तर प्लास्टिक असतं. सहा-सात वर्षांच्या उन्हाने ते पिवळं, धुरकट झालं होतं. म्हणाले, उजेड कमी नव्हताच. तो आतच अडकत होता. तू आजार न बघता औषध वाढवलंस.

त्या रविवारी पाण्याचा पॉलिश पेपर घेतला. आधी आठशे नंबर, मग पंधराशे, मग दोन हजार. पाणी मारत मारत घासायचं, कडेच्या रंगाला चिकटपट्टी लावून. काच आधी दुधासारखी पांढरी होते, पोटात गोळा येतो. मग पॉलिश मारलं की आरपार. वरून संरक्षक लेप, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा पिवळी. मग गाडी भिंतीसमोर सपाट जागेवर उभी करून लाइटचा रोख बसवला. हे काम मात्र मला पटकन जमलं. रायफल झीरो करणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही. भिंतीवर खूण करायची, एका वेळी एकच लाइट, दुसरा झाकलेला, आणि स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. बल्ब साधेच, ६०/५५ चे, चांगल्या कंपनीचे. उजेड हवा तेवढा पडला, आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नव्हता.

त्यानंतर मी स्वतःपुरते काही नियम केले. काही बदलण्याआधी जुनं का बिघडलं ते बघायचं. एक भाग मोठा केला तर त्याच्या मागचे सगळे भाग तेवढं ओझं पेलतात का ते विचारायचं. ब्रेक, स्टीअरिंग आणि एअरबॅगला हात लावायचा नाही. ती ज्याची विद्या त्याच्याकडे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. आणि जे केलं ते लिहायचं. फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असते. मी मुलीची एक जुनी वही घेतली. तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणी केलं. पहिल्या पानावर बल्बची सगळी हकिकत लिहिली आणि "कोणी केलं" या रकान्यात माझं नाव.

रविवारच्या दोन तासांना आता सौ.ही असायची. नट मी आवळायचो आणि ती सोडवून बघायची. तिला सुटले नाहीत तर पुन्हा.

पोस्टिंग संपली, मानेसर सुटलं. उस्ताद पेन्शनीवर गेले, हरियाणात शेती बघतात. गाडी तोच रस्ता धरून साताऱ्याला आली, कारण माझी पुढची पोस्टिंग कुटुंब नेता येणार नाही अशा ठिकाणी होती. गेल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा रविवारी सवयीने बॉनेट उघडलं. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. टर्मिनल स्वच्छ, तेल बरोबर, फिल्टर नवा. कप्प्यातून वही काढली. माझं अक्षर संपलं त्याच्यापुढे पाच पानं सौ.च्या अक्षरात भरलेली होती. शेवटची नोंद जून महिन्यातली:

"पावसाळ्याआधी वायपर बदलले. डावं मागचं चाक पंक्चर, कराडच्या अलीकडे. स्टेपनी मीच लावली. नट हाताने सुटले."